राखेच्या तळ्याकाठचा कोल्हा

चिंचखापा, ता. उमरेड
९ डिसेंबर २०२४

चि. अश्विन,

आशीर्वाद. पाकिटाच्या जोडावर मी आडवी सही केली आहे. ती मोडलेली दिसली तर मला कळव, आणि पत्रानेच कळव. या विषयातला एक शब्दही फोनवर बोलायचा नाही. तुझी आई म्हणेल, निवृत्त झाल्यापासून प्रमोदिनीताईला संशयाचा आजार जडला. म्हणू दे. सुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायच्या आधी कंपनीच्या माणसाच्या खिशात असते, अशा गावात राहून बघ म्हणावं चार दिवस.

परवा सकाळी वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यावर, बांधाच्या उतारावर, एक कोल्हा मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, गोळी नाही, कुत्र्याचा दात नाही. आमच्या बाबारावांनी काठीने त्याचा ओठ उचलून दाखवला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. "बाई, याच्या अंगात रगतच नाई," बाबाराव म्हणाले, "कोणी पिऊन घेतलं का काय?"

कुणी प्यायलं ते मला माहीत आहे. कोळसा जळतो, पण त्यातलं युरेनियम आणि थोरियम जळत नाही, ते राखेत उरतं. हे मी वाचलेलं आहे, एका ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी. आणि किरणोत्साराचा पहिला घाव शरीरात रक्त जिथे तयार होतं तिथेच बसतो, हेही वाचलेलं आहे. ज्या प्राण्याने ती राख तुडवली, अंगावरून चाटली, तिच्या काठचं पाणी प्यायलं, त्याच्या हिरड्या पांढऱ्या होणार नाहीत तर काय होणार? या हिवाळ्यातला हा दुसरा कोल्हा. पहिल्याला गावातल्या कुत्र्यांनी फरफटत नेलं.

वनरक्षक रजत याने पंचनामा केला आणि कोल्हा नागपूरला, तू काम करतोस त्या मार्तंडसरांच्या प्रयोगशाळेत पाठवला. म्हणजे तो तुझ्याच टेबलावर येणार.

आता नीट ऐक. अठ्ठावीस जानेवारीला जनसुनावणी आहे. राखेचं दुसरं तळं मंजूर करायचं आहे, आणि ते आमच्या घरांच्या आणि विहिरींच्या मधल्या पट्ट्यात येणार आहे. एकदा ते खोदलं की हे गाव संपलं. धूळ उडते, डोळे चुरचुरतात, कापूस काळा पडतो, हे सगळं आम्ही मागच्या वेळी बोललो आणि ते सगळं "नोंद घेतली" या दोन शब्दांत गाडलं गेलं. या वेळी मला शास्त्र हवं आहे. त्या कोल्ह्याच्या अस्थिमज्जेत काय दिसतं ते मला तुझ्या सहीने लिहून दे. पुढचं मी आणि माईक बघून घेऊ.

प्रमोदिनीमावशी

---

नागपूर
१७ डिसेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

सही शाबूत होती. पोस्टमनने मात्र विचारलं, "साहेब, चेक आहे का आत?"

कोल्हा मीच तपासला. मांडीच्या हाडातली मज्जा काढून काचपट्टीवर पसरवली आणि दोन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसलो. तुला जे वाटलं होतं ते तिथे नाही, आणि हे तुला आवडणार नाही, पण आधी ऐकून घे.

मज्जेला रक्ताची भट्टी समज. भरपूर किरणोत्सार झाला तर ही भट्टी विझते. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. काचपट्टीवर मग पांढरी भोकं दिसतात, ओसाड शेतासारखी. या कोल्ह्याची भट्टी विझलेली नव्हती. ती धडधडत होती. तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींची इतकी दाटी होती की एकीवर एक चढल्या होत्या. रक्त कमी पडलं म्हणून शरीर जिवाच्या आकांताने नवं बनवत होतं.

कमी किरणोत्साराची गोष्ट वेगळी असते. त्याने भट्टी विझत नाही. एका पेशीच्या दोन होताना केंद्रकाचा एखादा तुकडा मागे राहतो आणि तो लाल पेशीत ठिपक्यासारखा दिसतो. तसे काही ठिपके इथे आहेत. पण भट्टी इतक्या घाईने चालली की असे तुकडे एरवीही राहतात. शिवाय कोल्हा एका रात्रीत किती गावं फिरतो. त्याने राखेत किती वेळ काढला, कुणी सांगावं? एका कोल्ह्यावरून मी काहीच म्हणू शकत नाही.

एक विचारायचं आहे. गावात कुणी अलीकडे विष ठेवलं होतं का?

अहवाल अजून पूर्ण नाही. काही तपासण्या बाकी आहेत.

अश्विन

---

चिंचखापा
२४ डिसेंबर २०२४

अश्विन,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते.

तुझं पत्र यायच्या तीन दिवस आधी कंपनीचा पर्यावरण अधिकारी पारावर येऊन बसला. चहा मागवला, लोकांना बिस्किटं वाटली आणि हसत हसत म्हणाला, "तुमच्याच गावात कुणी विष ठेवलं असेल हो, कोल्हे त्यानेच मेले." तीन दिवसांनी माझ्या भाच्याच्या अक्षरात मला तोच प्रश्न आला. शब्द बघ. "गावात कुणी विष ठेवलं." बोलणारा त्याचा पगार तिथून घेतो. तुझा कुठून येतो?

मी चाळीस वर्षं पोरांना निबंध शिकवले. कुणी कुणाची वही बघून लिहिलं ते मला पहिल्या ओळीत कळतं.

आणि आता हेही विचारते. रुखमाबाईंचा जावई कंपनीच्या अतिथीगृहात स्वयंपाकाला आहे. तू त्याच्या साखरपुड्याला आला होतास, म्हणून तो तुला ओळखतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने तुला तिथे जेवताना पाहिलं. मार्तंडसर तुझ्या शेजारी होते. रुखमाबाईंनी मला हे कसं सांगितलं माहीत आहे? भाजी निवडता निवडता, मान वर न करता: "तुमचा अश्विन आला होता म्हणते ना वं बाई. दोनदा भात घेतला म्हणते." मी म्हटलं, असेल दुसरा कुणी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईशी खोटं बोलले.

हा मार्ग जुना आहे. आधी धरण बांधतात, मग खाण खोदतात, आणि माणसं मरू लागली की शेतकऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. त्याने विष ठेवलं, त्याने दारू प्यायली, त्याचं नशीब फुटकं. आणि हे सिद्ध करायला प्रत्येक वेळी एखादा शिकलेला पोरगा सापडतो, बहुतेक वेळा त्याच गावातल्या कुणाचा तरी भाचा.

तू तो पोरगा नाहीस, एवढं मला दोन ओळींत लिहून पाठव. लिहिता येत नसेल तर कोरा कागद पाठव. मला कळेल.

प्रमोदिनी

---

नागपूर
२ जानेवारी २०२५

मावशी,

कोरा कागद पाठवत नाही. भात दोनदा घेतला, हे खरं आहे.

कंपनी मार्तंडसरांना तळ्याभोवतीच्या प्राण्यांच्या पाहणीचं काम देऊ करते आहे. नवी यंत्रं, दोन माणसांचे पगार. सरांनी मला सोबत नेलं. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू काचपट्टीवरचं काहीच ऐकलं नसतंस. ही माझी सबब आहे, चांगली नाही, पण खरी आहे.

आणि तो प्रश्न त्यांच्या तोंडी कसा गेला तेही सांगतो. मी पहिल्या पत्रात तुझ्यापासून एक गोष्ट दडवली. कोल्ह्याची छाती उघडली तेव्हा आत रक्त साठलं होतं. स्नायूंमध्ये, आतड्याभोवती, सगळीकडे ओघळ. म्हणजे रक्त कमी तयार झालं नव्हतं, ते आतल्या आत वाहून गेलं होतं. हे उंदरांच्या औषधाचं लक्षण आहे, ज्या औषधाने रक्त गोठायचं थांबतं. औषध खाल्लेले उंदीर लगेच मरत नाहीत. सुस्त होऊन फिरतात, आणि कोल्ह्याला आयते सापडतात. म्हणून मी जेवताना त्या अधिकाऱ्याला विचारलं, "तुमच्या आवारात केबल कुरतडतात म्हणून उंदरांना काय घालता?" तो म्हणाला, फक्त पिंजरे लावतो. मला वाटलं मी त्याला कोंडीत पकडतो आहे. त्याने माझा प्रश्न उचलला, पुसला आणि तुमच्या पारावर नेऊन ठेवला. हा मूर्खपणा माझा. विकलो गेलो नाही, पण फुकटात उपयोगी पडलो.

यकृताचा तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला आहे. औषध असेल तर तिथे सापडेल.

आता माझी पाळी. काल रजत वनरक्षक इथे सही घ्यायला आला होता. चहा पिता पिता सहज बोलला, "तुमच्या मावशींचं भाषण ऐकायला पाहिजे होतं सर. नोव्हेंबरमध्ये हरभरा पेरल्यावर उंदीर हटाव मोहीम झाली. दरवर्षी चार लोक ठेवतात औषध. या वर्षी बाई चावडीवर बोलल्या आणि अख्ख्या गावाने एकाच दिवशी बिळाबिळात वड्या ठेवल्या. कृषी सहायक म्हणाला असं गाव पाहिलंच नाही."

मावशी, मी तुला सरळ विचारलं होतं, विष ठेवलं का म्हणून. तू मला धरण, खाण आणि शेतकऱ्याच्या इतिहासाबद्दल पानभर लिहिलंस. या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाहीस. तुला ठाऊक होतं का?

अश्विन

---

चिंचखापा
६ जानेवारी २०२५

अश्विन,

विष आम्ही उंदरांना ठेवलं. कोल्ह्यांना नाही. कोंबडी, कुत्रा, गाय, कुणाचं काही वाकडं झालं नाही. "विष" हा शब्द ऐकून मला ती मोहीम आठवलीच नाही, कारण आमच्याकडे त्याला औषध म्हणतात. विश्वास ठेव अगर ठेवू नकोस.

पत्र वाचल्यावर मात्र आठवली. त्या दिवशी मी चावडीवर म्हटलं होतं, एकट्याने ठेवलं तर उंदीर शेजारच्या शेतात जाईल, सगळ्यांनी ठेवलं तर कुठे जाईल? लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गावाने माझं ऐकलं याचा मला अभिमान वाटला होता.

असो. अजून यकृताचा निकाल आलेला नाही. आणि आला तरी माझी मागणी छोटी आहे. तू एवढंच लिहून दे: "या प्राण्याच्या अस्थिमज्जेवर किरणोत्साराचा परिणाम झालाच नाही, असे म्हणता येत नाही." हे खोटं आहे का? तूच लिहिलंस की ठिपके आहेत. एक वाक्य. त्यात असत्य एक अक्षर नाही. बाकीचं मी बोलेन.

रोज संध्याकाळी लोक अंगणात येऊन बसतात. बाबाराव सगळ्यांना सांगत सुटले आहेत, "बाईनं कोल्ह्याचं रगत नागपूरले पाठोलं, आता पहा कंपनीची कशी जिरते तं." माझ्याकडे दुसरं काही नाही, अश्विन. हे जर हातातून गेलं तर त्या दिवशी मी मांडवात रिकाम्या हाताने उभी राहीन आणि ते तळं मंजूर होईल.

प्रमोदिनीमावशी

---

नागपूर
१३ जानेवारी २०२५

ती. मावशी,

यकृतात औषध सापडलं. थोडंथोडकं नाही.

ते तुमच्या वड्यांमधलं की कंपनीच्या आवारातलं, हे यकृत सांगत नाही. पण एका दिवशी अख्ख्या शिवारात औषध पडलं आणि त्यानंतर कोल्हे मेले, एवढं रजतलाही दिसतं. सुनावणीत ते कुणाला दिसणार नाही असं तुला वाटतं का?

तुझं वाक्य मी कागदावर लिहून पाहिलं. खरंच त्यात असत्य नाही. आणि नेमकं म्हणूनच मी ते देणार नाही. ते वाक्य तू माईकवर वाचलंस की त्यातला "असे म्हणता येत नाही" हा शेपटीचा भाग तुझ्या आवाजात विरून जाईल. मांडवातल्या प्रत्येकाला "किरणोत्साराचा परिणाम" एवढंच ऐकू येईल. तुलाही हे माहीत आहे. तू चाळीस वर्षं आवाजावर जगली आहेस. मग त्यांचा तज्ज्ञ उठेल, यकृताचा कागद दाखवेल, आणि त्या दिवसानंतर तुमच्या राखेबद्दल कुणी खरं बोललं तरी लोक हसतील.

मला स्वतःची चीड येते, कारण हे सत्य त्यांच्या सोयीचं आहे. मार्तंडसर कालपासून खुशीत आहेत. म्हणाले, "बघ, प्रामाणिकपणाने काम केलं की सगळ्यांचंच भलं होतं." त्यांचं ते हसणं पाहून वाटलं की तुझं वाक्य लिहून द्यावं. पण नाही.

जे म्हणता येतं ते सांगतो. कोल्हा औषधाने मेला, यावरून राख निर्दोष ठरत नाही. त्या राखेत किती किरणोत्सार आहे, ते या तळ्यावर कुणी मोजून जाहीर केलेलं माझ्या पाहण्यात नाही. बहुधा मातीत नेहमी असतो त्याहून थोडा जास्त असेल, पण माझं हे "बहुधा" अंदाजाचं आहे. तिथेच जन्मणारे, राखेतच बीळ करणारे, राखेतच मरणारे प्राणी कुणी तपासलेले नाहीत. उत्तर हवं असेल तर उंदरांची मज्जा पाहावी लागेल, कोल्ह्याची नाही. तुमच्याकडचे उंदीर आणि राखेपासून दूरच्या गावातले उंदीर, दोन्हीकडे पीक सारखं, आणि दोन्हीकडे औषध नको. तुमच्या गावात आज ते शक्य नाही. तुझ्या भाषणाने सगळे उंदीर खराब केले.

अहवाल वनविभागाला गेला. तो तुला मागता येईल.

अश्विन

---

चिंचखापा
३० जानेवारी २०२५

चि. अश्विन,

झाली सुनावणी. वर्तमानपत्रात येईल ते वेगळं असेल, म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र आल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. एका रात्री तू विकला गेलास असं सिद्ध करायची, दुसऱ्या रात्री मीच चुकले असं. शेवटी भाषण लिहून काढलं. चांगलं जमलं होतं. त्यात कोल्हा होता, पांढऱ्या हिरड्या होत्या, आणि औषधाचा उल्लेख नव्हता. खोटं एकही वाक्य नव्हतं. तू म्हणतोस तसंच.

मांडव भरला होता. पुढच्या रांगेत कंपनीचा तज्ज्ञ, कोटबिट घालून, आणि त्याच्या मांडीवर बंद केलेला लॅपटॉप. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला, अगदी आपुलकीने. तेव्हा कळलं. हा माझ्या भाषणाची वाट बघतो आहे. तुझा यकृताचा कागद त्या डब्यात आहे, आणि मी कोल्हा काढला की तो डबा उघडणार.

पण खोटं कशाला सांगू, केवळ त्या भीतीने मी थांबले नाही. माझं नाव पुकारलं, मी उठले, आणि लोक टाळ्या वाजवू लागले. अजून मी तोंड उघडलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये चावडीवर हेच हात असेच वाजले होते आणि मग घरी जाऊन त्यांनी बिळाबिळात वड्या ठेवल्या. मला त्या टाळ्यांची भीती वाटली. माझ्या शब्दावर ही माणसं काहीही करतात, आणि त्या शब्दाखाली काय आहे ते बघत नाहीत, कारण बघायचं काम माझं आहे असं त्यांना वाटतं.

मी म्हटलं, "कोल्हा राखेने मेला नाही. उंदराच्या औषधाने मेला. औषध आपण ठेवलं. ठेवा असं मी सांगितलं होतं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, आणि मला आवाज ओळखू आला, तो बाबारावांचा होता: "बाई इकल्या गेल्या."

विकल्या गेल्या. हाच आरोप मी तुझ्यावर केला होता ना रे. आता तो कसा लागतो ते कळलं. शेजारी रुखमाबाई बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची उचलली आणि दोन रांगा मागे नेऊन ठेवली. उठून गेल्या असत्या तर कमी लागलं असतं.

मी बोलत राहिले. म्हटलं, कोल्ह्याचं पाप आमचं, ते आम्ही कबूल केलं. आता राखेचं पाप कुणाचं ते सांगा. या राखेत काय आहे ते मोजलं असेल तर आकडा इथे वाचा. इथल्या एका तरी जनावराची मज्जा पाहिली असेल तर कागद दाखवा. "धोका आढळला नाही" असं तुमच्या अहवालात आहे. शोधलाच नाही तर आढळेल कसा? मी माझ्या बाजूचं खोटं टाकून दिलं आहे, आता तुम्ही तुमच्या बाजूचं टाका. आधी मोजा, मग खोदा.

तज्ज्ञाने लॅपटॉप उघडला आणि यकृताचा कागद दाखवला. पण तो मी आधीच सांगून टाकला होता. लोक म्हणाले, "हे तं बाईनं सांगतलं, पुढचं सांगा." पुढचं त्याच्याकडे नव्हतं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. तळ्याचा निर्णय वर होणार, कधी ते कुणी सांगितलं नाही. "नोंद घेतली" हेच दोन शब्द पुन्हा मिळाले. जिंकलो म्हणू का हरलो, मला कळत नाही.

घरी एकटी चालत आले. अंगणात संध्याकाळी कुणी आलं नाही.

तू लिहिलंस की उंदीर खराब केले. ते चांगले व्हायला किती काळ लागतो?

मावशी

---

नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून उठलो आणि मार्तंडसरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, कंपनीच्या पाहणीत माझं नाव घालू नका. ते म्हणाले, "भावनेच्या भरात बोलतो आहेस." मी म्हटलं, "नाही सर, माझी मावशी त्या गावात राहते. माझा निकाल कुठल्याही बाजूला गेला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही." त्यांनी दुसऱ्या मुलाला घेतलं. मला ठेवतील की काढतील, अजून बोललेले नाहीत.

तुझ्यासाठी म्हणून तपासायला बसलो तरी हीच अडचण आहे, हे लक्षात घे. म्हणून माझ्यासोबत बाहेरचं कुणीतरी लागेल. माझी एक वर्गमैत्रीण आहे, दिपाली. ती नातेवाईक नाही आणि तुझं भाषण तिने कधी ऐकलेलं नाही. कुठली काचपट्टी कुठल्या गावची ते तिला न सांगता ती मोजेल.

उंदीर चांगले व्हायला किती काळ, विचारलंस. औषध यकृतात महिनोनमहिने राहतं. आताचे उंदीर जाऊन नवी पिढी यायला हवी. पुढचा पावसाळा औषधाशिवाय जायला हवा, आणि नंतरची हरभऱ्याची पेरणीही. दोन्ही गावांत. एका शेतकऱ्याने जरी ठेवलं तरी सगळं फुकट.

म्हणजे उंदरांना पीक खाऊ द्यायचं. मला नाही वाटत हे कुणी करेल. मी शेतकरी असतो तर केलं नसतं. शिवाय तुझं तिथे आता कोण ऐकतं, हेही मला दिसतं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अश्विन

---

चिंचखापा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अश्विन,

अनेक आशीर्वाद. मध्ये लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हाती नव्हतं, आणि अर्ध्या गोष्टी लिहायची मला सवय आहे ती मोडायची होती.

होळीपर्यंत माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस बाबाराव आले. उभेच राहिले. घराकडे वर-खाली बघत म्हणाले, "कंपनीनं पैसे देल्ले असते तं तुमी घराले रंग तरी मारला असता बाई." एवढं बोलून बसले आणि चहा मागितला. माफी वगैरे काही नाही. आमच्याकडे ती अशीच असते.

मी त्यांना तुझी अट सांगितली. ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "म्हणजे आपणच मारले, आता आपणच पोसा." मी चावडीवर बोलणार नाही असं ठरवलं होतं, आणि बोलले नाही. शपथेवर सांगते, या वेळी एकही भाषण केलेलं नाही. बाबाराव आणि मी घरोघर गेलो. जे माहीत आहे ते सांगितलं, जे माहीत नाही तेही सांगितलं. कुणी दार लावलं, कुणी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, "आमचं नुकसान कोण देईल?" मी म्हटलं, कुणी नाही. दूरचं गाव म्हणून बोरीमजरा निवडलं. तिथे माझं कधीच कुणी ऐकत नाही, पण ते रुखमाबाईंचं माहेर. त्या गेल्या, भावांना चार शब्द बोलल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. काय बोलल्या ते मला सांगत नाहीत.

कुणी गुपचूप औषध ठेवलं का? मला संशय होता. जून ते ऑक्टोबर मी रोज बांधाबांधाने फिरले आणि बिळांच्या तोंडाशी वड्यांचा चुरा शोधत राहिले. लोकांनी मला तसं करताना पाहिलं. कुणी रागावलं नाही. उलट आता ते एकमेकांचे बांध तपासतात.

सोयाबीन उंदरांनी खाल्लं. धानाच्या पेंढ्या कुरतडल्या. आता हरभरा उगवला आहे आणि तोही रोज कमी होतो. काल बाबाराव म्हणाले, "उंदीर सशाएवढे झाले बाई. पोराले बोलवा लवकर, नाई तं ते ट्रॅक्टर चालवाले लागतील." सगळे हसले. पण मग एक जण, हळू आवाजात, म्हणाला, "अन् उंदीर ठणठणीत निघाले तं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अश्विन, हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारते आहे. राखेत काही नसेल, किंवा असेल पण इतकं कमी की मज्जेत उमटत नसेल, तर या लोकांनी एका वर्षाचं पीक कशासाठी दिलं? मी म्हटलं, "तर आपण तेही सांगू. धूळ, विहिरी, डोळे, यासाठी मग वेगळं भांडू." कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी मान हलवली आणि तू आल्यावर पिंजरे कुठे लावायचे यावर बोलू लागले.

दुसऱ्या तळ्याचा निर्णय अजून आलेला नाही. म्हणतात मार्चमध्ये येईल. तोवर तुझ्या काचपट्ट्या तयार व्हायला हव्यात.

तेव्हा दिपालीला घेऊन ये. आणि माझी एक अट आहे. निकाल आला की आधी मला कळवू नकोस. फोनवर नाही, पत्रात नाही, कानातही नाही. इथे ये, पारावर सगळ्यांसमोर उभा राहा आणि तुझ्या त्या सपक आवाजात वाचून दाखव. मी मागच्या रांगेत बसेन. मला एकटीला आधी कळला, तर मी त्याचं भाषण करून टाकीन.

तुझी
प्रमोदिनीमावशी